शाळेचे ऋण कोणाकडे फेडावयाचे?

दहावीचा वर्ग शाळा सोडून जातो तेव्हा तो बरोबर काय घेऊन जातो, याविषयी पुष्कळ बोलले जाते. तो काय देणे लागतो आणि ते देणे कोणाच्या हाती पोहोचवावयाचे, हा प्रश्न मात्र निरोपाच्या समारंभात सहसा निघत नाही. हार घातले जातात, भाषणे होतात, डोळे पाणावतात, वर्गाचे छायाचित्र काढले जाते आणि मुले आपापल्या घरी जातात. प्रश्न तेथेच राहून जातो. तो आज वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा म्हणून तो कोणास लहान वाटेल. परंतु ज्यांच्या आधाराने मनुष्य वाढला त्यांचे तो काय लागतो, हाच तो प्रश्न आहे. आणि त्याचा विचार आपल्या पूर्वसूरींनी फार बारकाईने केलेला आहे.

विचाराला काही भूमी हवी, म्हणून करजगीचा परिसर डोळ्यांपुढे धरू. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातील हे गाव. तालुक्याची एक शीव महाराष्ट्राच्या अक्कलकोट तालुक्याला भिडलेली. पंढरपुरास चंद्रभागा म्हणून जी भीमा आपण वंदितो, तीच खाली वाहत वाहत या तालुक्यात येते आणि गाणगापुरापाशी अमरजेला भेटते. इकडच्या कित्येक घरांत मराठी बोलली जाते, बाजारात कन्नड, आणि आजोबांच्या काळातील जमिनीचे जुने कागद काढले तर ते उर्दूत निघतात. श्रीगुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर यांनी आपणास मराठी भाषा येत नसल्याचे ग्रंथातच सांगून ठेविले आहे. तरीही त्यांनी ओवी लिहिली ती मराठीत. भाषांची अशी सरमिसळ येथे संकट म्हणून आलेली नाही. ती नदीसारखी पूर्वापार वाहत आली आहे. या मुलखातले मूल शाळेत पहिल्या दिवशी जाते ते एक भाषा घेऊन, आणि दहा वर्षांनी बाहेर पडते ते तीन भाषा घेऊन. एवढे एकच दान मोजले तरी ते थोडे नाही.

अशा गावी शाळा सोडताना मुलांना काय आठवते? जे सर्वत्र आठवते तेच. पहिल्या दिवशी आईचा पदर सोडवत नव्हता तो क्षण, पावसाळ्यात गळणारे छप्पर, गणिताच्या तासाची धास्ती, प्रजासत्ताकदिनाची कवायत, दुपारच्या जेवणाची पंगत. कर्नाटकात या जेवणाच्या योजनेस ‘अक्षर दासोह’ असे नाव आहे. दासोह हा शिवशरणांचा शब्द. अन्नाबरोबर सेवाभावही त्यात वाढला जातो. या सर्व आठवणी गोड असतात, आणि विशेष हे की ज्या गोष्टी त्या काळी कडू होत्या त्याही आता गोड लागतात. ज्या गुरुजींच्या नुसत्या चाहुलीने वर्ग गप्प होत असे, त्यांचेच नाव घेताना निरोपाच्या दिवशी कंठ दाटून येतो. हा मनाचा स्वभावच आहे. मागे पडलेल्या वाटेवरचे काटे दिसत नाहीत, झाडे तेवढी दिसतात.

यात दोष काही नाही. मात्र आठवणीत रमणे आणि स्मरण ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी होत. आठवणीत रमणारा आपल्याच सुखाकडे पाहत असतो. स्मरण ठेवणारास आपण कोणाचे काही लागतो याची जाणीव असते. आपल्या परंपरेत ‘स्मृती’ या एकाच शब्दाने आठवणही सांगितली जाते आणि धर्मशास्त्राचा ग्रंथही सांगितला जातो, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. जे स्मरले त्याने वर्तन बांधले जाते, अशी त्यामागची समजूत असावी. ज्या स्मरणाने पुढच्या वागण्यात काहीच फरक पडत नाही, ते पेटीत ठेवलेल्या भरजरी शालूसारखे. वर्षातून एकदा उघडून पाहावे आणि पुन्हा घडी घालून ठेवावे.

जुन्या काळी विद्यार्थी गुरुगृह सोडी तेव्हा समावर्तनाचा संस्कार होत असे. तो स्नान करून निघे, म्हणून त्यास स्नातक म्हणत. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्यांनी निघालेल्या शिष्यास केलेला उपदेश आहे. तो मुळातून वाचणारास एक गोष्ट चटकन जाणवेल. त्यात गुरुगृहातील दिवसांची आठवण म्हणून कोठेच नाही. सगळे बोलणे पुढच्या आयुष्याविषयीचे आहे: खरे बोलावे, धर्माने वागावे, अतिथीस व मातापित्यांस देवासमान मानावे, द्यावयाचे ते श्रद्धेने आणि विनयाने द्यावे. शिवाय स्वाध्याय आणि प्रवचन, म्हणजे स्वतः शिकणे आणि दुसऱ्यास शिकविणे, यांत कधी हयगय होऊ देऊ नये. शिकणे आणि शिकविणे एकाच दमात, जोडीने सांगितले आहे. ज्याने शिकणे पुरे केले त्याच्या अंगावर शिकविण्याचे काम त्याच दिवशी येऊन पडते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

त्याच उपदेशात आणखी एक धीट वाक्य आहे. आचार्य शिष्यास सांगतात की आमची जी चांगली कृत्ये असतील तेवढीच तू आदरावीस, इतर नव्हे. गुरूने स्वतःच्या तोंडाने असे म्हणावे, यात केवढी निर्भयता आहे! शाळेच्या आठवणीत जे अन्यायाचे असेल तेही गोड मानून घ्यावे, असा आग्रह आपले शास्त्रही धरीत नाही. पुढे या वाक्याकडे पुन्हा यावयाचे आहे, म्हणून येथे ते नुसते नोंदवून ठेवतो.

आता ऋणाकडे वळू. तैत्तिरीय संहितेत सांगितल्याप्रमाणे मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो. देवांचे ऋण यज्ञाने, पितरांचे प्रजेने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, अर्थात विद्याध्ययनाने फिटते. यांतील पितृऋणाचा व्यवहार नीट पाहावा. आईबापांनी आपल्याला वाढविले. त्याची फेड आपण आपल्या मुलांना वाढवून करतो. घेतले एकाकडून, दिले दुसऱ्यास, आणि तरी ऋण फिटले असे शास्त्र म्हणते. ऋषिऋणाचेही तसेच आहे. ज्या ऋषींनी विद्या सांभाळली ते आज समोर नाहीत. ती विद्या आपण शिकून पुढे चालविली, म्हणजे त्यांस पावली. सावकाराचे कर्ज उलट वाटेने सावकाराकडेच परत जाते. ही ऋणे पुढच्या वाटेने जातात. शाळेचे ऋण या दुसऱ्या जातीचे आहे, आणि ते पहिल्या जातीचे समजल्यामुळे निरोपाच्या दिवशी सगळा घोटाळा होतो.

घोटाळा कसा, ते पाहा. वर्गाकडून वर्गणी जमते. शाळेला भिंतीवरचे घड्याळ, पंखा किंवा सरस्वतीची तसबीर भेट दिली जाते, गुरुजनांना शाल-श्रीफळ दिले जाते, आणि जणू पावती मिळाली अशा समाधानाने मुले बाहेर पडतात. भेट द्यावी, अवश्य द्यावी. पण तिने देणे चुकते झाले असे मानणाराने रघुवंशाच्या पाचव्या सर्गातील कौत्साची कथा आठवावी. वरतंतू मुनींनी त्यास प्रथम सांगितले होते की तुझी भक्ती हीच माझी दक्षिणा. कौत्साने हट्ट सोडला नाही. तेव्हा मुनी रागावले आणि चौदा विद्यांच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा आण म्हणाले. रघुराजा विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसला होता. अर्घ्य देण्यास त्याच्यापाशी मातीचे पात्र तेवढे उरले होते. पुढे कुबेराने सुवर्णवृष्टी केली आणि कौत्साचे काम झाले. या कथेतील रघूच्या औदार्याचेच गुण आपण नेहमी गातो. परंतु मुनींचा राग आम्हांस तितकाच अर्थपूर्ण वाटतो. हिशेब मिटवून मोकळे होण्याची घाई गुरूला रुचली नाही. विद्येला किंमत लावून मागशील तर ती कोणालाही परवडणार नाही, हेच त्यांनी त्या चौदा कोटींच्या आकड्याने दाखविले.

या कथेच्या जोडीने महाभारतातील दुसरी कथा आठवल्यावाचून राहत नाही. कौत्सास गुरूने दक्षिणा मागितली नव्हती. एकलव्याकडून ती मागितली गेली, आणि तो तर गुरूच्या शाळेत कधी बसलाही नव्हता. त्यास प्रवेश नाकारला होता. अंगठा मात्र घेतला. आपल्या पुराणकारांनी ही कथा लपविली नाही, पुसून टाकली नाही, यातच तिचे मोल आहे. द्रोणाचार्यांच्या शिष्यांचे समूहछायाचित्र कोणी काढले असते तर त्यात अर्जुन मध्यभागी बसला असता आणि एकलव्य कोठेच दिसला नसता. निरोपाच्या छायाचित्राकडे पाहताना ही कथा मनात ठेवावी, असे आम्ही सुचवितो. छायाचित्रात जे आहेत त्यांची नावे खाली छापलेली असतात. जे नाहीत त्यांची मोजदाद कोणी करावयाची?

कारण करजगीच्या परिसरातच नव्हे, या सर्व सीमाभागात पहिलीत बसलेली सगळीच मुले दहावीच्या बाकापर्यंत पोहोचत नाहीत. तुरीचे पीक निघाले की एखादे कुटुंब मजुरीसाठी पुण्या-मुंबईकडे, हैदराबादेस किंवा बंगळुरास जाते, आणि त्याबरोबर मूलही जाते. एखादी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी चौथीनंतर घरी राहते; एखादीचे लग्न ठरते. एखाद्यास घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, या फटीत पाय अडकतो. तो मंद नसतो. त्याला समजलेले त्याला सांगता येत नाही एवढेच. राज्यघटनेत १९५६ साली घातलेल्या ३५० अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी असे सांगितले आहे, ते अशाच मुलांसाठी. पण कायद्याने दाखविलेली वाट आणि मुलाचे पाऊल यांत अंतर राहते. ही मुले शाळा सोडतात तेव्हा त्यांस हार मिळत नाही आणि त्यांच्यासाठी भाषणही होत नाही. हजेरीपटावरील त्यांच्या नावापुढे काही दिवस गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात, आणि मग नावच उरत नाही.

येथे आमच्या किनाऱ्यावरील कोंकणी वाचकांशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. कर्नाटकात दहावीची परीक्षा एकच मंडळ घेते. मंगळुरात आणि कलबुर्गीत तीच परीक्षा होते. २०२५ सालच्या पहिल्या परीक्षेत दक्षिण कन्नड जिल्ह्याचा निकाल ९१.१२ टक्के लागून तो राज्यात पहिला आला, आणि कलबुर्गी जिल्ह्याचा ४२.४३ टक्के लागून तो शेवटचा ठरला. हा फरक किनाऱ्यावरची मुले जात्या हुशार आणि भीमाकाठची जात्या मंद म्हणून पडला, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. अम्मेंबळ सुब्बराव पै यांनी मंगळुरात १८९१ साली कॅनरा हायस्कूल काढले आणि १८९४ साली मुलींसाठी वेगळी शाळा काढली. पुढे १९०६ साली त्यांनीच कॅनरा हिंदू परमनंट फंडाची स्थापना केली, जो आज कॅनरा बँक म्हणून सर्वांस ठाऊक आहे. मिशनऱ्यांच्या शाळा तर त्या गावी त्याही आधीपासून होत्या. तेथल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर पणजोबांच्या शाळेचेही गुण उतरलेले असतात. ते वेगळे छापले जात नाहीत इतकेच.

भीमाकाठच्या मुलाच्या मागे काय होते? निजामाच्या राजवटीत येथल्या खेड्यापाड्यांत शाळा फार तुरळक होत्या, आणि वरच्या शिक्षणाचे दार उर्दूतून उघडत असे. हैदराबादेस १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मान मिळविला हे खरे. परंतु ती भाषा मराठी, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांची नव्हती. अशा स्थितीत १९०७ साली गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघाले. हैदराबादेत केशवराव कोरटकरांसारख्यांच्या आधाराने विवेकवर्धिनी उभी राहिली. हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा चालली, आणि तिचे मुख्याध्यापक होते व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. हेच पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९०३ साली विजापूर जिल्ह्यातील सिंदगीस जन्मलेला हा शिक्षक हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्याचा नेता झाला, आणि १९५२ साली गुलबर्ग्यातूनच लोकसभेवर निवडून गेला.

याच संस्थानात १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला. त्यापायी त्यांस विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. त्या तरुणांना निरोपाचा समारंभ मिळाला नाही. दहा वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, संस्थान भारतात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत त्याचे तीन वाटे झाले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद इकडे राहिले. भावाची शाळा एका राज्यात आणि बहिणीची दुसऱ्या राज्यात, असे येथे खरोखरच घडले. आज करजगीकडचे एखादे मूल तीन भाषांत परीक्षा देऊन बाहेर पडते, तेव्हा त्याच्या बाकाखाली एवढा इतिहास रचलेला असतो.

आणि ज्यांची नावे इतिहासात नाहीत त्यांचे काय? मराठी मुलखात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात घरांच्या चुलींवर एकाचे शिक्षण होई. गाणगापुरी माधुकरीची रीत आजही भाविक पाळतात. त्या झोळीतील भाकरीवरही पूर्वी कित्येकांची विद्या पोसली गेली. वार देणाऱ्या गृहिणीस बहुधा स्वतःला अक्षरओळख नसे. तिने शिकविले म्हणून कोणी तिचे नाव घेत नाही, पण तिच्या चुलीवाचून ते शिक्षण झाले नसते. तसेच हेही सांगितले पाहिजे, की ते वार सर्वांना मिळत नसत. जातीच्या उंबरठ्याबाहेरचे मूल त्या पंगतीत नव्हते, आणि मुलगी तर मुळी विद्यार्थ्यांतच धरलेली नव्हती. आपल्या धर्मवत्सल समाजाने केलेले दान मोजताना ते कोठे थांबले हेही मोजावे. त्याशिवाय हिशेब खरा होत नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा, की पंधरा वर्षांच्या कोवळ्या जीवावर आनंदाच्या दिवशी ऋणाचा भार कशाला? मुलाने रात्री जागून अभ्यास केला, गुण मिळविले. ते त्याचे आहेत. आमचे उत्तर असे, की गुण त्याचेच आहेत, आणि श्रमही त्याचेच. ऋण मानल्याने श्रमाचे मोल उणे होत नाही. देवळाच्या शिखरावरचा कळस आपल्या जागी झळकतो म्हणून पायाचे दगड त्याचा मत्सर करीत नाहीत. परंतु आपण अधांतरी आहोत असे कळसाने समजू नये. शिवाय हे ऋण मनुष्यास लहान करीत नाही. सावकाराच्या ऋणाने मान खाली जाते. या ऋणाने आपण एकटे नाही, एका लांब ओळीत उभे आहोत, असे कळते, आणि तेवढ्यानेच पुष्कळदा धीर येतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. ज्या मुलास शाळेत अपमान मिळाला, जातीवरून किंवा बोलीवरून हसले गेले, मागच्या बाकावर कायमचे बसविले गेले, त्याने शाळेचे ऋण का मानावे? येथे शीक्षावल्लीतील ते वाक्य उपयोगी पडते. चांगले तेवढेच घ्यावे, इतर नव्हे. अशा मुलाने अन्यायाबद्दल आभार मानावेत असे सांगणे हा दुसरा अन्याय होईल. परंतु त्याच्यापाशी असे एक ज्ञान आहे जे पहिल्या बाकावरच्या मुलापाशी नाही: कोणते शब्द मुलाला मोडतात, हे त्याला ठाऊक आहे. ते पुढच्या मुलाच्या वाट्यास येऊ नयेत म्हणून त्याने जे केले ती त्याची फेड. ती शाळेला नव्हे, त्या मुलाला. ऋण पुढे जाते असे म्हटल्यावर कटू अनुभवालाही मार्ग सापडतो. ते मागेच परत करावयाचे असते तर असा मनुष्य जन्मभर एक तर कृतघ्न ठरला असता, नाही तर ढोंगी.

याचे आपल्या डोळ्यांपुढील मोठे उदाहरण म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. ते स्वतः मॅट्रिकही होऊ शकले नाहीत. शाळेच्या निरोपाच्या छायाचित्रात त्यांस जागा नव्हती. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व एका पंगतीस जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. पुढे घराघरांतून मूठ मूठ धान्य जमवून वसतिगृहे चालली. त्यास मुष्टिफंड म्हणत. ज्यास शाळेने फारसे काही दिले नाही त्याने हजारो मुलांना शाळा दिली. ऋण घेतल्याच्या मापाने फेडावयाचे नसते, हे याहून अधिक स्पष्ट कसे सांगता येईल?

मग शाळा सोडणाऱ्या वर्गाने प्रत्यक्ष काय करावे? पहिलीच्या हजेरीपटावरील नावे काढावीत आणि आज त्यांतील कोण कोठे आहे याचा शोध घ्यावा. एवढ्या एका कामाने अर्धे डोळे उघडतील. कर्नाटकात दहावीस एकाच वर्षात एकाहून अधिक परीक्षांची संधी मिळते. म्हणजे पहिल्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या सोबत्याला वर्ष फुकट न घालविता पुन्हा बसता येते. निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाने अशा एका सोबत्यापाशी काही आठवडे रोज तासभर बसावे. स्वाध्याय आणि प्रवचन यांची जोडी ती हीच. ज्या घरी अर्ज वाचणारे कोणी नाही तेथे अर्ज वाचून द्यावा. ज्या मुलीचे नाव पटावरून गळाले तिच्या आईबापांकडे एकदा जाऊन यावे. ही कामे चौदा कोटींची नाहीत, पण घड्याळ भेट देण्याहून कठीण आहेत; त्यांस पैसा लागत नाही, वेळ आणि विनय लागतो.

देवस्थानांच्या विश्वस्तांनीही याचा विचार करावा. आपल्या देवळांत उत्सवाचा खर्च श्रद्धेने होतो, अन्नदान होते, कित्येक ठिकाणी पहिल्या आलेल्या मुलांचा सत्कारही होतो. सत्कारास आमचा विरोध नाही. परंतु पहिल्यांना पाटावर बसविताना शेवटचा कोठे उभा आहे, हेही पाहावे. संध्याकाळच्या आरतीनंतर सभामंडपाचे दिवे दोन तास तसेच ठेविले आणि गावातील कोणत्याही घरच्या मुलांना तेथे अभ्यासास बसू दिले, तर देवाचे तेल वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.

श्रीगुरुचरित्राच्या आठव्या अध्यायात कुरवपूरची कथा आहे. एका विधवेचा मुलगा मंदबुद्धी निघाला. लोक हिणवू लागले, आणि शेवटी मायलेक कृष्णेत जीव देण्यास निघाले. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांस नदीकाठी थांबविले आणि मुलाच्या मस्तकावर हात ठेविला. भाविक त्यात चमत्कार पाहतात, आणि त्यांनी तो अवश्य पाहावा. आम्हांस त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. गुरूच्या भोवती तेव्हा शहाणे शिष्य नव्हते असे नाही. तरी त्यांची नजर गेली ती सर्वांनी टाकलेल्या मुलाकडे. परीक्षेचा निकाल लागतो त्या आठवड्यात आजही एखादे मूल अशाच नदीकडे पाहत उभे असते. त्याच्या खांद्यावर पहिला हात त्याच्याच वर्गातल्या सोबत्याचा पडावा. त्या हाताने शाळेचे ऋण फेडावयास प्रारंभ होईल. ते पुरते कधीच फिटत नाही. ज्याच्या खांद्यावर आज हात पडला तो उद्या आणखी कोणाचा तरी हात धरील.